पुणे ते स्टुटगार्ट, सामान स्वस्तात कसं पाठवायचं?

सौदागरकरीण
नमस्कार मंडळी. नवऱ्याला जर्मनीत स्टुटगार्टला जॉब लागलाय, चाकणच्याच कंपनीत पण तिकडचं लोकल काँट्रॅक्ट, त्यामुळे कंपनी तिकिटं देणार आणि सामानाचं आपलं आपण बघायचं. आम्ही तिघं, मुलगी ६ वर्षांची. फ्रीज, सोफा, कपाटं विकतोय, काही सासूबाईंकडे ठेवतोय. तरी यादी करता करता उरलंच: भांडी, दोन कुकर, मिक्सर, पुरणयंत्र, आजीच्या हातच्या ३ गोधड्या, लेकीची मराठी पुस्तकं आणि माझी वाजवायची पेटी. एक पॅकर्सवाला घरी येऊन बघून गेला, डोअर टू डोअर १ लाख ८० हजार म्हणाला. दुसऱ्याने फोनवरच ६५ हजार सांगितले, सामान न बघता! आणि कुरियरवाल्याचा हिशोब तर डोक्यावरून गेला, गोधड्यांचं खोकं घरच्या काट्यावर ९ किलो भरलं आणि हा म्हणतो २५ किलोचे पैसे पडतील. फसवतोय का हो? तिकडे घर अजून मिळालेलं नाही, पहिला महिना सर्व्हिस अपार्टमेंट.

टेपवाला_काका
फसवत नाहीये, खोक्याची लांबी रुंदी उंची मोजा. ६० बाय ४५ बाय ४५ सेंटीमीटर असणार, पॅकर्सवाल्यांचं मोठं खोकं साधारण तेवढंच असतं. गुणाकार करून ५००० ने भागा, २४.३ येतात, वर राउंड केलं की २५. याला व्हॉल्यूमेट्रिक वजन म्हणतात, खरं वजन आणि हे यात जे जास्त असेल त्याचे पैसे. विमान जागा विकतं ना. एअर कार्गोवाले ५००० ऐवजी ६००० ने भागतात, तरी २० किलो होतातच. म्हणून गोधड्या, रजया, उशा असलं फुगीर सामान कुरियरने कधीच नाही, ते जहाजाने. जहाजात हिशोब वेगळा असतो, तिथे थेट घनमीटरवर पैसे, ज्याला ते लोक सीबीएम म्हणतात, असली ८ खोकी म्हणजे जवळजवळ एक सीबीएम. आणि पुस्तकं मोठ्या खोक्यात भरू नका, उचलणाऱ्याची कंबर जाते आणि खोक्याचा तळही. फक्त पुस्तकं असतील तर पोस्टात एम बॅग नावाचा प्रकार असतो, छापील मजकुराची वेगळी पिशवी, ३० किलोपर्यंत. कोपऱ्यावरच्या पोस्टात विचारलंत तर तो क्लार्क तुमच्याकडेच बघत बसेल, थेट जीपीओत जा.

नेकारकाठचा
ताई, मी ४ वर्षं स्टुटगार्टात आहे, माझी चूक सांगतो म्हणजे तुमची वाचेल. मी हुशारी करून सामान विमानाने अनअकम्पनीड बॅगेज, म्हणजे आपल्यासोबत न नेता वेगळं पाठवलेलं सामान, म्हणून टाकलं, कुरियरपेक्षा स्वस्त पडलं, आठव्या दिवशी विमानतळावर हजर. पण सोडवायला गेलो तर कस्टम्सवाले म्हणाले अनमेल्डुंग दाखवा, म्हणजे इथल्या पत्त्याची नोंदणी. आणि मी होतो तात्पुरत्या फ्लॅटमध्ये, त्याचा मालक नोंदणीसाठी लागणारा कागद द्यायला तयार नाही. गोदामाचं भाडं रोज चढतंय आणि मी रोज मालकाला फोन करतोय. सगळं मिळून विमानाचे जेवढे वाचवले त्याच्या दुप्पट गेले.

नियम असा आहे की युरोपात राहायला येताना वापरातलं घरगुती सामान ड्यूटीशिवाय आणता येतं, पण तुम्ही आधी निदान १२ महिने युरोपियन युनियनच्या बाहेर राहिलेले हवेत, वस्तू निदान ६ महिने वापरलेल्या हव्यात, आणि राहायला आल्यापासून १२ महिन्यांच्या आत सामान यायला हवं. आल्यानंतर वर्षभर त्या वस्तू विकायच्या नाहीत. जर्मन कस्टम्सचा ०३५० नंबरचा फॉर्म असतो, सोबत सामानाची यादी, पासपोर्ट-व्हिसा, काँट्रॅक्ट आणि तो अनमेल्डुंगचा कागद. म्हणजे तुमच्या केसमध्ये जहाज हळू जातं हेच बरं आहे, तोवर घर मिळेल. सर्व्हिस अपार्टमेंटवाल्याला आत्ताच ईमेल टाका, नोंदणीचा कागद देणार का, लेखी घ्या.

मिक्सर आणा, इथेही २३० व्होल्टच आहे, फक्त पिन बदलायची. कुकर मात्र खाली चुंबक लावून बघा, चिकटला नाही तर इंडक्शनवर काही उपयोगाचा नाही. आणि तूप, खवा, चक्का सामानात टाकू नका, दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपबाहेरून आणायला बंदी आहे. मसाले, पापड चालतात.

उरणचा_बाबू
मी न्हावा शेवा बंदरात क्लिअरिंगच्या, म्हणजे कस्टम्समधून माल सोडवायच्या ऑफिसात आहे. ६५ हजारवाल्याला एकच प्रश्न विचारा: हॅम्बुर्गला उतरल्यावरचे चार्जेस यात आहेत का? नसणार. हा धंदाच असा चालतो, इकडून नेण्याचा रेट पडेल तेवढा पाडायचा आणि तिकडचा एजंट टर्मिनल हँडलिंग म्हणजे बंदरातल्या चढउताराचे, डिलिव्हरी ऑर्डर म्हणजे माल सोडायच्या चिठ्ठीचे, कंटेनर खोलायचे, कस्टम्सचे, असं एक एक करून बिल लावतो. तोपर्यंत सामान त्याच्या ताब्यात, तुम्ही भांडणार कशाच्या जोरावर? माझ्या चुलत भावाला असं ६४० युरोचं बिल आलं होतं. कोटेशनमध्ये लिहून घ्या: डोअर टू डोअर, दोन्हीकडची कस्टम्स धरून, किती सीबीएमला, किमान किती सीबीएमचे पैसे, तिसऱ्या मजल्यावर लिफ्ट नसेल तर काय. सुएझऐवजी आफ्रिकेला वळसा घालून जाणारं जहाज असेल तर १०-१४ दिवस जास्त धरा, २०२३ च्या शेवटापासून तांबड्या समुद्राच्या भानगडीमुळे हे सुरू झालंय. लाकडी पेटारा केलात तर त्यावर आयपीपीसीचा, म्हणजे लाकडावर कीडनाशक प्रक्रिया केल्याचा, शिक्का हवा, बायकांच्या नथीसारखा, असला तरच चालतं 😄 आणि इन्शुरन्सचं एक, खोकी तुम्ही स्वतः भरलीत तर फुटतुटीचा क्लेम सहसा देत नाहीत. काचेचं तेवढं त्यांच्याकडून भरून घ्या.

पट्टीचा_सूर
पेटी जहाजात घालू नका हो, दोन महिने दमट हवेत राहिली तर भात्याचं चामडं आणि सूर दोन्ही जातात. विमानाची जादा बॅग ऑनलाइन आधी घ्या, काउंटरवर महाग पडते. भाता बांधून टाका, पट्ट्यांवर जाडसर कापडाची घडी ठेवून मग झाकण लावा म्हणजे पट्ट्या नाचणार नाहीत, कडक केस घ्या. केससकट वजन २३ च्या आत बसतंय का बघा, ३२ च्या वर गेलं तर बॅग म्हणून घेतच नाहीत. फ्रँकफर्टला उतरून ट्रेनने जाणार असाल तर हातात पेटी, मुलगी आणि सहा बॅगा, त्याचाही विचार करा.

सौदागरकरीण
बाबूदादा, ६५ हजारवाल्याला विचारलं. म्हणाला "मॅडम तिकडचं तिकडे बघू". झालं, त्याला नाही म्हटलं. १ लाख ८० हजारवाल्याला भांडी कमी करून परत बोलावलं, आता तीन ऐवजी दीड सीबीएमचा रेट देतोय. एक कुकर चुंबकाला चिकटला, एक नाही, तो आईकडे. गोधड्या खोक्यात, पेटी माझ्यासोबत. पुस्तकांचं उद्या जीपीओत.

टेपवाला_काका
पावणेअकराच्या आत जा.