पार्किंग नंबर सात

सेक्रेटरी, ए-३०१ · सोमवार, सकाळी ९.१०
नमस्कार. शिगमोत्सवाआधी पार्किंग धुऊन घ्यायचं ठरलंय. गेल्या मीटिंगप्रमाणे बंद पडलेल्या गाड्या या महिन्याअखेर हलवाव्यात. यादी: सी-२०२ समोरची सायकल, जिन्याखालचा फ्रीज (गाडी नाही, तरी हलवा) आणि सात नंबरची ताडपत्री. सातची गाडी काकांना जमत नसेल तर सोसायटी टोचन करून बाहेर काढेल.

बी-१०४ · ९.१४
फ्रीज माझा नाही. तिसऱ्यांदा सांगतोय.

सी-४०२ · ९.१५
ताडपत्रीखाली गाडी आहे हे नक्की ना? मी राहायला आल्यापासून फक्त मांजर पाहिलंय.

ए-१०२ काकी · ९.२१
मांजर आहे म्हणून उंदीर कमी आहेत.

बी-२०३ · ९.३०
सातबद्दलची तक्रार माझीच होती, म्हणून मीच सांगते. टोचन होणार नाही. त्या गाडीला पुढचं डावं चाकच नाही, ती चिऱ्यांवर उभी आहे. काल काकांबरोबर मिरामारला जाऊन आले. आता बँकेत आहे, संध्याकाळी लिहिते.

सी-४०२ · ९.३१
मिरामारला? गाडीशिवाय?

बी-२०३ · संध्याकाळी ७.४०
हां, आता ऐका. मोठं आहे.

काल पहाटे सव्वासहाला बेल. दारात काका, इस्त्रीचा शर्ट, हातात कापडी पिशवी. "ताई, तुझी स्कूटर मोकळी आहे?" कुठे जायचं तर जुन्या स्पोर्ट्स गाड्यांच्या मालकांचा क्लब मिरामारला जमणार होता. मुंबई-पुण्याकडची मंडळी घाट उतरून गाड्या चालवत आली होती. ट्रकवर लादून नाही, चालवत. काकांना हे त्यांच्या दुबईच्या मुलाने कळवलेलं. मी मनात म्हटलं, श्रीमंतांचे चोचले. पण रविवार होता आणि काका आजवर कधी काही मागत नाहीत.

पुलावरून जाताना मागे बसून एक शब्द बोलले नाहीत. पिशवी मांडीवर घट्ट. सिग्नलला विचारलं काय आहे, तर म्हणाले "सामान".

तिथे माडांच्या सावलीत पंधरा-वीस गाड्या. मला त्यातलं काही कळत नाही, पण एवढं दिसलं की प्रत्येक गाडीखाली पुठ्ठा अंथरलेला. तेल ठिबकतं ना. एकाने तर काजूफेणीच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून घातला होता. आणि हे लोक गाडीचं कौतुक करत नाहीत! लग्नाच्या मांडवात बायका सांधेदुखीवर बोलतात तसं सगळं चाललेलं. याचं गरम होतं, त्याचं थंड असताना उठत नाही. एक हिरवी एम.जी.बी. होती, १९६७ ची, १७९८ सीसी. तिच्या मालकाने मला सीटमागचं झाकण उघडून दाखवलं. आत सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या. म्हणाला, एक गेली की दोन्ही गेल्यासारख्या, आणि बदलायला आधी अर्धं सामान बाहेर काढायचं. तारांची चाकं मध्यभागी एकाच नटवर, त्या नटाला दोन कान, आणि ते कान तांब्याच्या हातोडीने ठोकून घट्ट करायचे. डाव्या बाजूचे आटे एका दिशेचे, उजव्या बाजूचे उलट. चुकीच्या दिशेने ठोकलंत तर चाक तुमच्या पुढे निघून जाईल, असं तो हसत हसत सांगत होता. बायको शेजारी उभी होती, ती हसत नव्हती.

पेट्रोलचीही रड होती. आता पंपावर २० टक्के इथेनॉलवालं मिळतं, त्याने जुन्या गाडीच्या रबरी नळ्या मऊ पडतात, चिरतात. हवेतलं पाणीही ते ओढून घेतं. गोव्याच्या खाऱ्या हवेत मग पत्र्याबरोबर टाकीही आतून गंजते. त्याने निघण्याआधी सगळ्या नळ्या बदलल्या होत्या.

तर काका. काका सगळं सोडून एका लाल, दोन सीटच्या, टप उघडलेल्या बुटक्या गाडीपाशी उभे. ट्रायंफ स्पिटफायर. समोर पाटी: "कृपया हात लावू नये." काकांनी वाचली. मग वाकून बॉनेटच्या दोन्ही बाजूंच्या कड्या सोडल्या आणि सगळं बॉनेट, मडगार्ड आणि दिव्यांसकट, पुढच्या बाजूला उलटं पाडलं.

माझा जीव घशात. मालक पावभाजीची बशी तशीच टाकून धावत आला. तोवर आपले काका उघड्या पुढच्या टायरवर बसले होते, स्टुलावर बसावं तसे, आणि आत डोकावत होते.

तो काही बोलणार एवढ्यात काका म्हणाले, "माझी पण अशीच उघडते."

ए-१०२ काकी · ७.५२
अगं पुढे?

बी-२०३ · ७.५८
पोळ्या करत होते. पुढे.

मालकाने विचारलं, "स्पिटफायर आहे तुमच्याकडे?" काका म्हणाले, "नाही. तिची थोरली बहीण. हेराल्ड." आणि त्या माणसाचा चेहराच बदलला. मग अर्धा तास दोघं टायरवर, एक इकडच्या, एक तिकडच्या. मी त्यांच्यामध्ये बशी धरून उभी.

मला जे समजलं ते असं. ट्रायंफ हेराल्ड इंग्लंडमध्ये १९५९ ला आली, स्पिटफायर १९६२ ला. दोन्ही एकाच इटालियन माणसाने, मिकेलोत्तीने, काढलेल्या. स्पिटफायरची चासी म्हणजे हेराल्डचीच, आखूड केलेली. पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर साडेआठ इंचांनी कमी. इंजिन थोडं मोठं, कार्बोरेटर एकाऐवजी दोन. आपल्याकडे हेराल्ड मद्रासला स्टँडर्ड कंपनीने बनवली, ९४८ सीसी. काकांची १९६९ ची, चार दारांची. चार दारांची हेराल्ड फक्त इथेच निघाली, इंग्लंडमध्ये कधीच नाही. तो स्पिटफायरवाला म्हणाला, मी हे पुस्तकात वाचलंय, गाडी पाहिलेली नाही. आमची पाहिलेली नाही म्हणून तो खट्टू झाला, आणि आम्ही ती ताडपत्रीखाली झाकून तिच्यावर ओले टॉवेल वाळत घालतो.

सी-२०२ · ८.०१
टॉवेल आमचे नाहीत.

बी-२०३ · ८.०२
आमचे आहेत. पुढे ऐका.

मग काकांनी पिशवी उघडली. वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक पिवळट धातूचा तुकडा, मुठीएवढा, आतून आटे पाडलेले. पुढच्या चाकाचा खांब खाली याच्यात बसतो आणि स्टिअरिंग फिरवलं की याच्याच आट्यांत फिरतो. सहा वर्षांपूर्वी चाक डुगडुगायला लागलं म्हणून काकांनी स्वतः तो काढला. गाडी दुरुस्त करणारा त्यांचा म्हापशाचा मेस्त त्याच महिन्यात वारला. मग सुटा भाग कुठे मिळेना, चाक भिंतीला टेकलेलं राहिलं, काकू आजारी पडल्या, आणि ते तसंच.

स्पिटफायरवाल्याने तुकडा उन्हात धरून आत बघितलं, नखाने आटे चाचपले. पहिला प्रश्न: "ग्रीस घालत होता की तेल?" काका म्हणाले, ग्रीस, दर तीन महिन्यांनी, मेस्त स्वतः भरायचा. तो मान हलवत राहिला. म्हणे ही या गाड्यांची जुनी खोड. इथे ग्रीस घातलं की ते वरच्या आट्यांपर्यंत पोचत नाही, सुकून घट्ट होतं, मग खांब फिरता फिरता झिजतो, आणि एक दिवस मोडून चाक आडवं पडतं. गिअरमध्ये घालतात ते ९० नंबरचं तेलच घालायला हवं. म्हणजे काकांनी ज्या दिवशी गाडी थांबवली तो दिवस नशिबाचा.

आटे अजून चांगले आहेत, दोन्ही बाजूंचे बुश फक्त गेलेत, असं त्याचं मत. आणि डिकीतल्या डब्यातून त्याने बुशांचं पाकीट काढून दिलं. पैसे घेईना. काकांनी त्याच्या सीटवर कोकमाची बाटली ठेवली. ती पिशवीत तळाला होती, म्हणजे आधीपासून ठरलेलं.

येताना पूल संपेपर्यंत काका बोलत होते. अनमोड घाटात वळणामध्ये पाय पेट्रोलवरून काढलास की मागचं चाक आत दुमडतं, म्हणून वळणाआधीच वेग कमी करायचा, ते हे ते. मला हेल्मेटमुळे निम्मं ऐकू आलं.

वकील, सी-३०३ · ८.२०
छान लिहिलंस. आता कायद्याचं. २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे ५० वर्षं पूर्ण झालेली, खासगी वापराची आणि मूळ रूपात ठेवलेली गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते. नवी नोंदणी २० हजार, दहा वर्षांसाठी; त्यानंतरची पुनर्नोंदणी ५ हजार. नव्या नोंदणीला नंबरात 'व्हीए' अक्षरं येतात, पण आधीच नोंद असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. काकांचा 'जीडी'वाला नंबर गोवा-दमण-दीव काळातला आहे, तो हरवू देऊ नका. मात्र अशी गाडी रोज बाजाराला न्यायची नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल आणि दुरुस्ती, एवढंच.

सी-४०२ · ८.२४
म्हणजे एवढे पैसे भरून पुन्हा उभीच ठेवायची?

वकील, सी-३०३ · ८.२५
आत्ता शून्य भरून उभीच आहे.

ए-२०४ · ८.३३
प्रश्न भावनेचा नाही, जागेचा आहे. माझी गाडी गेटबाहेर उन्हात. सातमध्ये मला ठेवू द्या, काकांची मागच्या भिंतीला.

बी-२०३ · ८.३६
मागच्या भिंतीला पावसात गळतं, भाई. आणि जागेचं म्हणाल तर हेराल्ड २५ फुटांत पूर्ण वळते. तुमची एसयूव्ही सातमधून काढायला तीनदा मागे-पुढे करावं लागेल, आणि एकदा तरी माझी स्कूटर पाडाल.

ए-१०२ काकी · ८.४१
माझ्या वडिलांकडे पणजीत फोक्सवागेन होती, मुक्तीच्या आधी. तेव्हा गोव्यात परदेशी गाड्या सहज येत. मुंबईचे पाहुणे आले की आधी गाडीत बसायचे, मग जेवायला.

सी-४०२ · ८.४३
काकी, तेव्हा पोर्तुगालसारखं उजव्या बाजूने चालवायचे ना?

काका, ए-१०१ · ८.५०
नाही. पोर्तुगालने १९२८ साली उजवी बाजू घेतली. गोव्यात डावीच राहिली. शेजारी ब्रिटिश हद्द होती, नाक्यावर बाजू बदलत कोण बसणार.

सी-४०२ · ८.५१
काका, तुम्ही ग्रुपवर होता?

काका, ए-१०१ · ८.५३
२०१९ पासून.

सेक्रेटरी, ए-३०१ · ९.०५
काका, 'टोचन' हा शब्द नोटीसमध्ये नको होता. पण ताडपत्रीखाली उंदरांची घाण आहे, ती राहू देता येणार नाही. शिवाय डेंग्यूवाले येतात तेव्हा ताडपत्रीच्या खळग्यातलं पाणी बघून दंडाची धमकी देतात, आणि ती मला देतात.

काका, ए-१०१ · ९.१०
बरोबर आहे. ताडपत्री काढतो. गाडी पुसून चाक बसवीन. महिनाअखेरीला चार चाकांवर उभी नसेल तर तुमचं म्हणणं.

बी-१०४ · ९.१२
एकटे उचलणार का? जॅक माझ्याकडे आहे. दोन टनी.

सी-२०२ · ९.१४
माझा मुलगा येईल. अकरावीला आहे, नाहीतरी मोबाइलच बघत बसतो.

ए-२०४ · ९.१५
जॅक चिऱ्यांवर लावू नका, खालचा चिरा फुटतो. लाकडी फळी घाला. माझ्याकडे आहे एक, पलंगाची.

सी-४०२ · ९.१६
भाई, तुम्ही तर जागा मागत होता.

ए-२०४ · ९.१७
फळी देतोय, जागा सोडलेली नाही.

बी-२०३ · ९.२०
एक अट माझी पण. गाडी भिंतीकडे एक फूट सरकवा. माझी स्कूटर रोज तिरकी काढावी लागते, ती तक्रार मी मागे घेतलेली नाही.

काका, ए-१०१ · ९.२२
दीड फूट सरकवतो, ताई.

(शनिवार)

सेक्रेटरी, ए-३०१ · सकाळी ८.०२
सात नंबरपाशी गर्दी का आहे?

सी-४०२ · ८.०४
ताडपत्री निघाली. खाली निळी गाडी आहे! आणि मांजराची चार पिल्लं, मागच्या सीटवर.

ए-१०२ काकी · ८.०५
पिल्लांना हात लावू नका. मी येते.

बी-२०३ · ८.३१
पुढचं बॉनेट उघडलंय. काका टायरवर बसलेत, उजवीकडच्या. डावीकडे अजून टायर नाही, तिथे अकरावीवाला मुलगा चिऱ्यावर बसलाय. दोघांचे हात कोपरापर्यंत काळे.

काका, ए-१०१ · ८.५५
बुश बसले. ९० नंबरचं तेल कालच आणलंय. प्लग काढून निपल लावला. आता तेल आत दाबायला कुणाकडे ग्रीस गन आहे का?

बी-१०४ · ८.५६
माझ्याकडे आहे, पण तिच्यात ग्रीस भरलेलं आहे.

काका, ए-१०१ · ८.५७
रॉकेलने धुऊन आण, बाबा. दोनदा.