निवृत्तीनंतर गळ हातात घेतलेल्यांनो, अनुभव लिहा

निवृत्तीनंतर मासे पकडायला लागलेल्यांसाठी आणि लहानपणी सुटलेला गळ पुन्हा हातात घेतलेल्यांसाठी हा धागा. मोठ्या माशांवर भरपूर लिहिलं जातं. इथे छोट्या माशांबद्दल बोलू या, हाताच्या पंजाएवढे आणि अख्खे तव्यात बसणारे. अमेरिकेत त्यांना पॅनफिश म्हणतात, त्यांत ब्लूगिल, पंपकिनसीड, क्रॅपी आणि यलो पर्च येतात. कोकणातल्या खाडीत काळुंद्र, देशावर चिलापी. या माशांना बोट लागत नाही, महागडं सामान लागत नाही. काठावर बसून पकडता येतात आणि पकडताना शेजारच्याशी बोलता येतं. आमच्या वयाला हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे असं मला वाटतं.

सुरुवात माझ्यापासून. मी विस्कॉन्सिनमध्ये मॅडिसनला राहतो, सॉफ्टवेअरमधून निवृत्त झालो. मोनोना तळ्याच्या उपसागरात ब्लूगिल चांगला मिळतो. तिथल्या धक्क्यावर सकाळी नेहमीचीच माणसं भेटतात, एक निवृत्त बसचालक, एक पोस्टमन, एक शाळेतला सुतार. नोकरीत असताना माझी सगळी मैत्री ऑफिसातली होती आणि ऑफिस सुटल्यावर ती वर्षभरात विरली. आजची मैत्री या धक्क्यावरची. मेडिकेअरचा, म्हणजे इथल्या ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्यविम्याचा, पार्ट बी कधी घ्यायचा, गुडघ्याचं ऑपरेशन कुणी कुठे केलं, पेन्शनवरचा कर, सगळं तिथेच कळतं. बायकोच्या आजारपणात पहिला फोन आला तोही त्या बसचालकाचा.

सामान साधं ठेवतो. हलका पाच फुटी रॉड, चार पौंडी तंगूस, सरकता बॉबर (पाण्यावर तरंगणारी खूण) आणि औंसाच्या बत्तिसाव्या भागाचा जिग, म्हणजे डोक्याशी शिसं असलेला गळ, त्यावर एक वॅक्सवर्म, म्हणजे मधमाश्यांच्या पोळ्यात वाढणारी पांढरी अळी. ब्लूगिलचं तोंड लहान असतं, त्यामुळे गळ लहानच हवा. विस्कॉन्सिनमध्ये पॅनफिशची सर्वसाधारण मर्यादा दिवसाला सगळे मिळून २५ आहे, काही तळ्यांवर त्याहून कमी. आमच्या दोघांच्या घरात पाच-सहा पुरतात.

तुम्ही कुठे बसता, कुणाबरोबर बसता, काय मिळतं, आणि निवृत्तीनंतरच्या दिवसाचं त्याने काय झालं, हे लिहा. लांबलचक लिहिलंत तरी चालेल.

मिनेसोटा, निवृत्त परिचारिका

दादा, मी बर्फावर बसते. माझी नोकरी रात्रपाळ्यांत गेली. निवृत्त झाले तेव्हा नवरा अजून कामावर जात होता आणि बाहेर हिवाळा सुरू झालेला. दुपारी चारला अंधारायला लागतं, त्या वेळी घर खायला उठायचं. आमच्या गल्लीत सत्तरी ओलांडलेल्या एक बाई आहेत. त्या एक दिवस दारात आल्या आणि म्हणाल्या, चल, क्रॅपी चावतोय. मी त्यांना मावशी म्हणते, त्यांनाही तो शब्द आवडतो.

मावशींनी आधी मासा नाही, बर्फ शिकवला. पायी जायचं तर निदान चार इंच नितळ, नवा बर्फ हवा. पांढरट बर्फ कमजोर असतो, तिथे जाडी दुप्पट धरायची. पुढे टाकायच्या पावलाआधी लोखंडी पहारीने ठोकून बघायचं. गळ्यात दोन टोकदार खिट्ट्या अडकवायच्या, पाण्यात पडलंच तर बर्फात रुतवून वर येता यावं म्हणून. मी आयुष्यभर हॉस्पिटलात नियमांत वाढलेली, मला हे शिकवणं फार भावलं.

क्रॅपी मावळतीला खायला येतो. त्याचे ओठ कागदासारखे पातळ, झटका दिला तर फाटतात. तंगूस जराशी सैल पडली की समजायचं, त्याने आमिष वर उचललंय, आणि मग मनगट हळूच वर घ्यायचं. एक गोष्ट सगळ्यांनी लक्षात ठेवावी. तीस फुटांच्या खालून काढलेला क्रॅपी परत सोडला तरी बहुधा जगत नाही, वर येताना त्याचा वायुकोश, म्हणजे पोटातली हवेची पिशवी, फुगतो. म्हणून खोल पाण्यावर बसायचं तर खाण्यापुरते धरायचे आणि उठायचं. सोडून देण्यासाठी पकडायचे असतील तर उथळात बसावं.

मावशी क्रॅकरच्या चुऱ्यात घोळवून तळायच्या. मी एकदा हळद, तिखट, आलं-लसूण आणि कोकमाचं आगळ लावून, तांदळाचं पीठ आणि रवा थापून तव्यावर टाकले. आता आगळाची बाटली त्यांच्या घरीही असते.

इलिनॉय, शिकागोचं उपनगर

मी अजून नोकरीत आहे, पण अनुभव माझ्या बाबांचा आहे आणि ते स्वतः लिहिणार नाहीत. बाबा एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झाले. सांगलीला असतात, उन्हाळ्यात आमच्याकडे येतात. इथे येणाऱ्या आई-बाबांचे दिवस कसे जातात हे परदेशातल्या प्रत्येक घराला माहीत आहे. गाडी चालवता येत नाही, पायी जाण्यासारखं काही नाही, आम्ही दोघं सकाळी बाहेर पडलो की संध्याकाळपर्यंत घरात चिडीचूप. आई फोनवर बहिणींशी बोलते. बाबा खिडकीशी उभे राहायचे. ज्या माणसाने अख्खी नोकरी स्टँडवरच्या गर्दीत, कर्ण्यावर गाड्यांचे नंबर पुकारण्यात काढली त्याला ती शांतता सोसत नव्हती. जून संपायच्या आत परतीचं तिकीट अलीकडे घे म्हणायला लागले.

आमच्या वसाहतीमागे पावसाचं पाणी साठवायला खणलेलं तळं आहे. तिथे एक पोरगा रॉड घेऊन बसलेला बाबांनी पाहिला आणि मला विचारलं, "मला परवाना काढता येईल का?" पाहुण्यांनाही काढता येतो, थोड्या दिवसांचाही मिळतो. ऑनलाइन काढला. लहानपणी कृष्णेच्या काठी वेळूच्या काठीला गळ बांधून मासे धरलेत हे त्यांनी मला त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं. मी चाळिशी ओलांडलेली त्यांची मुलगी!

तळ्यावर त्यांना एक निवृत्त पोलिश सुतार भेटले. दोघांचंही इंग्रजी जेमतेम. पण गाठ कशी मारायची, बॉबर किती फुटांवर ठेवायचा, वारा कुठल्या काठाला अन्न ढकलतो, हे हातांनी दाखवता येतं. त्या दोघांना मी तासन्तास बोलताना पाहिलंय, एक मराठीत आणि एक पोलिशमध्ये. बाबांनी वही घातली आहे. वेळ, वारा, ऊन की ढग, आमिष, कुठला मासा, किती बोटं लांब. स्टँडवर गाडी आली-गेली लिहायचे तशाच नीट रकान्यांत. मासे सगळे परत सोडतात, कारण लॉनवर मारलेली औषधं वाहून त्याच तळ्यात येतात, ते मासे खाऊ नयेत असं मलाही वाटतं.

ब्लूगिल हा इलिनॉयचा राज्यमासा आहे, शाळेतल्या मुलांनी मतं देऊन निवडलेला. हे बाबांना सांगितल्यापासून ते त्याला "सरकारी मासा" म्हणतात. परतीचं तिकीट पुन्हा कधी अलीकडे घ्यावं लागलं नाही. सांगलीला असले की सुतारकाकांना कृष्णेचे फोटो पाठवतात.

सिंधुदुर्ग, निवृत्त प्राथमिक शिक्षक

वरच्या ताईंच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा. कर्ली नदी देवबागला समुद्राला मिळते, त्या खाडीवर मी गरवायला, म्हणजे गरीने (गळाने) मासे धरायला जातो. सकाळचा एसटीचा ड्रायव्हरही खिडकीतून विचारतो, "गुरुजी, काय गावलां?" शाळा सुटल्यावर कुणी विचारणारं उरलं नाही अशी भीती होती, ती गेली.

घड्याळापेक्षा आमचं काम तिथीवर चालतं. तिथीला पाऊणने गुणलं की भरती पूर्ण होण्याची वेळ साधारण कळते. अष्टमीला आठ गुणिले पाऊण, म्हणजे सहाच्या सुमारास. मी हे गणित चौथीच्या वर्गाला शिकवत असे, अपूर्णांक त्यांना त्यातूनच लवकर समजत. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी फार ओढतं, तंगुशीला बांधलेलं शिसं जागेवर राहत नाही. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास भरती-ओहोटी कमी असते तेव्हा, पाणी संथ असतं, म्हाताऱ्या माणसाने भांग धरावा.

काळुंद्र हा माझा आवडता मासा. चपटा, अंगावर मोत्यासारखे ठिपके, काटेरी पर. केरळात त्याला करीमीन म्हणतात आणि डोक्यावर घेतात. कणकेची गोळी किंवा गांडूळ लावायचं, बारीक गरी. तो कुरतडून खातो, म्हणून घाई करायची नाही. काळुंद्राचं नर-मादीचं जोडपं मुळांना, दगडांना अंडी चिकटवतं, दोघं पंखांनी पाणी घालतात आणि पिल्लं झाली की थवा राखत फिरतात. असं जोडपं दिसलं की मी तिथून उठतो. पोरांनाही सांगतो, आणि गुरुजींचं पोरं अजून ऐकतात.

इंदापूर, वीज खात्यातून निवृत्त लाइनमन

उजनीच्या फुगवट्यावर बसतो. धरण १९८० साली झालं, आमचं जुनं शिवार त्या पाण्याखाली आहे. पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं, त्यावरून आजोबांची जमीन कुठे असेल याचा अंदाज घेतो. नोकरीत असताना पोलवरून लांबूनच ते पाणी दिसायचं, तिकडे जावंसं वाटत नव्हतं. निवृत्तीनंतर चुलतभावाने नेलं. आता आठवड्यातून बऱ्याचदा जातो. आमच्या रानात बसल्यासारखं वाटतं, एवढंच लिहितो.

मासा म्हणाल तर चिलापी. मच्छीमारांची जाळी असतील तिथून लांब बसायचं, त्यांचं पोट त्यावर आहे. आमिष कणीक, त्यात थोडी शेंगदाण्याची पेंड. चिलापी चवीला चांगली, काटा कमी, भाकरीबरोबर कालवण उत्तम होतं. पण ती इथली नाही. चिलापी म्हणजे तिलापिया, तो भारतात पहिल्यांदा १९५२ साली आणला गेला. मादी अंडी-पिल्लं तोंडात सांभाळते, त्यामुळे पिल्लं फार वाचतात आणि बघता बघता पाणी भरून जातं. वडील नदीतल्या ज्या माशांची नावं घ्यायचे त्यांतले कितीतरी मला आता दिसत नाहीत. म्हणून चिलापी मी कधी परत सोडत नाही, लहान असली तरी. खवली किंवा मरळ लागली तर लहान असल्यास सोडतो.

इलिनॉय, पुन्हा

लाइनमनकाका, तुमचं वाचून राहवलं नाही. आमचा सरकारी मासा जपानमध्ये असाच पाहुणा झाला. १९६० साली युवराज अकिहितो शिकागोला आले होते, तेव्हा महापौरांनी त्यांना ब्लूगिल भेट दिले. ते खाद्यमासा म्हणून वाढवायला नेले आणि पुढे तळ्यांत पसरले, तिथल्या माशांना जड झाले. सम्राट झाल्यावर अकिहितोंनी २००७ साली त्याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. ते स्वतः माशांचे अभ्यासक होते. एका तळ्यातला लाडका मासा दुसऱ्या तळ्यात नेऊन सोडू नये, हे मी बाबांच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय.

ओहायो, निवृत्त बँक अधिकारी

थोडक्यात लिहिते, बोटांना संधिवात आहे. बारीक मुठीचा रॉड धरवत नव्हता. मुठीला सायकलच्या हँडलचा फोम गुंडाळला, धरवायला लागला. जिगच्या गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा घरीच चिमट्याने दाबून टाकते, मासा चटकन सुटतो आणि माझी बोटंही वाचतात. ओल्या खडकावर जात नाही. हात टेकायला कठडा असेल तिथेच बसते. इरी सरोवराच्या धक्क्यावरचा यलो पर्च मिळाला तर सोडू नका, त्याच्यासारखी चव नाही. मिस्टर गेल्यानंतर पहिली दोन वर्षं मी कुठेच जात नव्हते. आता शनिवारी तिथे आम्ही पाच बायका असतो.

मॅडिसन, धागाकर्ता

सगळ्यांचं वाचून फार बरं वाटलं. गुरुजींच्या काळुंद्रावरून एक गोष्ट लिहायलाच हवी.

मे-जूनमध्ये पाणी वीस अंश सेल्सियसच्या आसपास आलं की ब्लूगिलचे नर उथळात येऊन शेपटीने वाळू उडवत ताटलीएवढे खळगे करतात, शेजारी शेजारी, अख्खी वसाहत. मादी अंडी घालून निघून जाते. नर अंड्यांना वारा घालत बसतो आणि जवळ येईल त्याच्या अंगावर जातो. म्हणून त्या दिवसांत तो सहज गळाला लागतो. सगळे मोठे नर असे काढून नेले तर अंडी उघडी पडतातच, शिवाय छोट्या नरांना वाढत बसण्याचं कारण उरत नाही. मोठा नर हजर असताना त्यांना जागा मिळत नसते, म्हणून ते आधी अंगाने वाढतात. तो गेला की लवकर वयात येतात आणि तिथेच खुंटतात. काही वर्षांत तळ्यात बोटभर ब्लूगिलच उरतात. याच कारणाने मिनेसोटात ब्लूगिलसारख्या माशांची दिवसाची सर्वसाधारण मर्यादा २० असली तरी काही निवडक तळ्यांवर ती ५ किंवा १० केली आहे. परिचारिकाताईंना ती तळी माहीत असतील.

आमच्या धक्क्यावर आम्ही ठरवलंय, सात-साडेसात इंची खायला न्यायचे, नऊ इंचांचा परत सोडायचा. नवीन येणाऱ्याला पोस्टमन हे पहिल्याच दिवशी समजावतो, आणि रागावून नाही, मोजपट्टी हातात देऊन. निवृत्त माणसांकडे तळ्यावर घालवायला सगळ्यांपेक्षा जास्त वेळ असतो, म्हणजे तळं रिकामं करायची ताकदही आपल्याकडेच जास्त असते. म्हणून हे आपण पाळावं अशी माझी कळकळीची विनंती आहे.

ताई, वहीच्या एका पानाचा फोटो इथे टाकायला बाबांची परवानगी विचाराल का? वाऱ्याचा रकाना त्यांनी कसा आखलाय ते मला बघायचं आहे. गुरुजी, काळुंद्राला कितव्या नंबरची गरी वापरता तेही लिहा. मे महिन्यात कुणी मॅडिसनला येणार असेल तर इथेच कळवा, जास्तीचे दोन रॉड घरी आहेत. परवाना मात्र येण्याआधी काढून ठेवा.