मदत हवी आहे : फोल्डिंग सायकल, मेमू आणि विद्यानगर

मंडळी, मी बडोद्याची, दांडिया बाजारात राहते. नोकरी वल्लभ विद्यानगरला. घर ते स्टेशन तीनेक किलोमीटर, मग आणंदपर्यंत मेमू लोकल, आणि पुढे रिक्षावाल्यांशी रोजची घासाघीस! त्याला कंटाळून घडीची सायकल घ्यायचं चाललंय.

सायकल सोळा इंची चाकाची घ्यावी की वीस इंची, इथेच अडलंय. सोळाची घडी लहान होते, डब्यात दोन बाकांच्या मधे किंवा दाराशेजारी उभी राहील. पण आमच्या काळा घोडा चौकाजवळचे खड्डे आठवले की छोटं चाक नको वाटतं. शिवाय वीस इंचीचं ४०६ मापाचं (म्हणजे रिमचा व्यास, मिलिमीटरमध्ये) टायर-ट्यूब शोधायला सोपं. ब्रॉम्प्टन या सोळा इंची इंग्लिश सायकलचं ३४९ मापाचं मिळवायला मात्र ऑनलाइनच मागवावं लागेल. (ब्रॉम्प्टनची किंमत बघून नवऱ्याने नुसतं माझ्याकडे पाहिलं.)

वजनाचंही बघायचंय. १२-१३ किलो कागदावर ठीक, पण पादचारी पुलाचे जिने, खांद्याला पर्स, डबा, मागून ढकलणारी गर्दी. घडी घातल्यावर ढकलत नेता येणारी एखादी आहे का? आणि चेन आतल्या बाजूला राहते का? सलवारला ग्रीस लागलं की संपलं.

डेकॅथलॉनची किंवा डाहोन कंपनीची घडीची सायकल कोणी रोज ट्रेनमधून नेतंय का? बिजागरी आणि क्लॅम्प काही महिन्यांनी ढिले पडतात का? गार्ड किंवा टीसी हटकतात का? पावसाळ्यात गिअर हबमधले (मागच्या चाकाच्या तुंब्यात बंद असलेले) बरे की उघडे, तेही सांगा. सेकंडहँड चालेल.