सिम्युलेशन प्रशिक्षणानंतर आपत्कालीन श्वासमार्गाचे कौशल्य कसे टिकवावे?

प्रश्न : वैद्यकीय अधिकारी, ग्रामीण रुग्णालय, धाराशिव जिल्हा

गेल्या वर्षी मी सिम्युलेशन (पुतळ्यावर प्रसंग उभा करून दिले जाणारे) प्रशिक्षण घेतले. इंट्युबेशन (तोंडावाटे श्वासनलिकेत नळी घालणे), आय-जेल (स्वरयंत्राच्या वर बसवायचे श्वासमार्गाचे साधन) आणि गळ्यावर छेद देऊन थेट श्वासमार्गात नळी घालायची क्रायकोथायरॉयडोटॉमी, तिन्ही गोष्टी पुतळ्यावर व्यवस्थित जमल्या. आमच्याकडे फवारणीचे औषध प्यायलेले आणि पावसाळ्यात मण्यार चावलेले रुग्ण येतात. परंतु बहुतेकांना १०८ ने अंबाजोगाईला किंवा लातूरला पाठवले जात असल्याने श्वासमार्ग स्वतः हाताळण्याची वेळ क्वचितच येते. येथे ना पुतळा आहे, ना भूलतज्ज्ञ. अशा ठिकाणी कशाचा आणि किती अंतराने सराव करावा?

उत्तर १ : भूलतज्ज्ञ, लातूर

अनपेक्षित कठीण श्वासमार्गावरील २००८ च्या एका अभ्यासात, सिम्युलेशनमुळे झालेली सुधारणा सहा ते आठ आठवड्यांनी टिकून होती, सहा ते आठ महिन्यांनी मात्र ओसरली होती. त्यामुळे वर्षातून एकदाची उजळणी पुरणार नाही. दिलासा असा, की २००३ च्या दुसऱ्या अभ्यासात पुतळ्यावर क्रायकोथायरॉयडोटॉमी करणाऱ्या भूलतज्ज्ञांपैकी ९६ टक्के जणांना पाचव्या प्रयत्नापर्यंत ती ४० सेकंदांत साधली होती. म्हणून माझ्या मते दर दोन-तीन महिन्यांनी एका बैठकीत चार-पाच प्रयत्न करावेत.

पुतळ्यावाचून अडू नका. खाटकाकडून स्वरयंत्रासह बकऱ्याची श्वासनलिका मागवा आणि त्वचेऐवजी वर चिकटपट्टी ताणून लावा. १० नंबरचे पाते आडवे घालायचे, धार पायांच्या दिशेने वळवायची, पात्याला लगटून बूजी (ट्यूबला वाट दाखवणारी लवचीक कांडी) आत सरकवायची आणि तिच्यावरून ६ नंबरची कफ (फुगवता येणारा फुगा) असलेली ट्यूब घालायची. बूजी कूर्चेच्या कड्यांवरून खडखडत जाताना बोटांना जे जाणवते, ते चित्रफीत पाहून कळत नाही.

उत्तर २ : वैद्यकीय अधिकारी, हिंगोली

सरांचे म्हणणे मान्य आहे, तरी हाताच्या आधी निर्णय ढिला पडतो, असे मला वाटते. अखिल भारतीय डिफिकल्ट एअरवे असोसिएशनच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार लॅरिंगोस्कोपीचे (दिव्याच्या साधनाने स्वरयंत्र पाहून नळी घालण्याचे) जास्तीत जास्त तीनच प्रयत्न करायचे असतात. प्रत्यक्षात 'आणखी एकदा बघतो' म्हणत सॅचुरेशन (रक्तातील ऑक्सिजनचे प्रमाण) घसरत जाते. ऑर्गॅनोफॉस्फेट (फवारणीचे कीटकनाशक) प्यायलेल्या रुग्णात सक्सिनिलकोलीन या नळी घालण्यापूर्वी स्नायू सैल करणाऱ्या औषधाचा परिणाम लांबतो, त्यामुळे ते उतरेपर्यंत अंबू बॅगवर (हाताने दाबून श्वास देण्याच्या पिशवीवर) निभावू, हा हिशेबही चुकतो. ओपीडी संपल्यावर दहा मिनिटे सिस्टर आणि वॉर्डबॉय यांना सोबत घेऊन प्रसंग नुसता बोलून दाखवा. एकाने फक्त प्रयत्न मोजावेत आणि सॅचुरेशन मोठ्याने सांगावे. याला खर्च काहीच नाही (आणि परवानगीचे पत्रही लागत नाही).

उत्तर ३ : परिचारिका, उपजिल्हा रुग्णालय, बीड जिल्हा

डॉक्टर, वरील दोन्ही सूचना चांगल्या आहेत, पण सराव तुमच्या एकट्याचा राहू देऊ नका. बंधपत्रावरचे डॉक्टर वर्षभरात निघून जातात, आम्ही बऱ्याचदा त्याहून जास्त काळ तेथेच असतो. आमच्याकडे पाते, बूजी आणि ६ नंबरची ट्यूब एकाच पाकिटात घालून ते इमर्जन्सी ट्रॉलीच्या वरच्या कप्प्यात ठेवलेले असते आणि ड्यूटी बदलताना लॅरिंगोस्कोपचा दिवा लावून पाहिला जातो; सेल उतरलेले असतात ते नेमके रात्रीच कळते. सरावाच्या वेळी पाकीट सिस्टरलाच शोधून, फोडून हातात द्यायला सांगा आणि घड्याळ तुम्ही पाते धरल्यापासून न लावता, तुम्ही पाकीट मागितल्यापासून लावा.