दुकानातल्या कॉम्प्युटरवर व्हायरसचा भोंगा वाजला, फॉरमॅट मारू का?

गंगाखेडचा झेरॉक्सवाला:
झेरॉक्स अन् ऑनलाइन फॉर्मचं दुकान हाय माझं. पीकविम्याची शेवटची तारीख जवळ आलेली, बाहेर दहा-बारा माणसं सातबारा घेऊन उभी. फॉर्म उतरवायला गेलो अन् भलत्याच जाहिरातीवर क्लिक झालं. सगळी स्क्रीन लाल, भोंगा सुरू, एक बाई हिंदीत सांगायली, कॉम्प्युटर बंद करू नका, खालच्या नंबरला फोन लावा. रांगेतले एक मामा म्हणले, "माझं आधार गेलं का रे त्यात?" तिथंच माझा धीर सुटला. लावला फोन.

त्यानं रिमोटचं अ‍ॅप टाकायला लावलं, म्हणजे तिकडं बसून माझं मशीन चालवायला, इव्हेंट व्ह्यूअर उघडून लाल खुणा दाखवल्या, हे सगळे व्हायरस म्हणला अन् ७,५०० मागितले. तेवढ्यात लाईट गेली. इन्व्हर्टर आधीच बंद पडलेला होता. आयुष्यात पहिल्यांदा लाईट गेल्याचं बरं वाटलं.

पैसे वाचले. पण मशीनमधी लोकांची आधारं, पासबुकं हैत. बाकीच्यांना सावध करायला परवाच चार ग्रुपवर टाकलंय.

जुना कॅफेवाला, परभणी:
भोंगा म्हणजे नुसतं वेबपान. ऑल्ट-एफ४ दाबलं असतं तरी गेलं असतं. खऱ्या विंडोजच्या इशाऱ्यात फोन नंबर नसतो. अन् त्या लाल खुणा माझ्या नव्याकोऱ्या मशीनवर बी हैत, बारीकसारीक चुकांची नोंद असती ती.

तरी फॉरमॅट मारच. भोंग्यापायी नाही, त्या माणसाला आत घेतलंस म्हणून. आधी नेटची वायर काढ, कागद बाजूला काढून घे. मेलचे, बँकेचे पासवर्ड मोबाइलवरून बदल. सायबर फसवणुकीची हेल्पलाइन हाय, १९३०, तिथं कळव.

हसत नाही तुला. २००२ मधी मला मेल आला होता. मशीनमधी टेडी अस्वलाचं चित्र असलेली फाइल सापडली तर उडवा, व्हायरस हाय, १४ दिवस लपून बसतो, अँटिव्हायरसला सापडत नाही. कॅफेच्या पाचही मशीनवर सापडली! उडवली, अन् ओळखीच्या सगळ्यांना मेल पुढं ढकलला. ती फाइल विंडोजचीच होती, जावाचे प्रोग्रामर वापरायचे. व्हायरस नव्हताच, मीच होतो.

अंबाजोगाईची ताई:
दादा, ग्रुपवर काय टाकलंत? नंबर दिसतो का त्यात?

गंगाखेडचा झेरॉक्सवाला:
दिसतो की ताई. स्क्रीनचा फोटो हाय, खाली लिहिलंय, या नंबरला फोन करू नका.

अंबाजोगाईची ताई:
मग तोच असणार. आमच्या बचतगटाच्या ग्रुपवर सकाळी आलाय. तुमची ओळ गळाली. कुणीतरी वर लिहिलंय, "व्हायरस आल्यास ताबडतोब या नंबरवर संपर्क करावा."

गंगाखेडचा झेरॉक्सवाला:
अरे देवा. आता माझ्याकडून सगळ्यांचा डिलीट होईना. अ‍ॅडमिनला फोन लावायलोय. तिघं सापडले. चौथा वारीत हाय, फोन बंद.