पर्ज काढायचाच कशाला?

भाऊ, तुम्ही विचारलंय की अमोनिया बनवताना न वापरलेला माल रिॲक्टरकडे परतच जातो, मग पर्ज काढून, म्हणजे त्यातला थोडा भाग बाहेर सोडून, वाया का घालवायचा? आपला नागपुरी कूलर आठवा. मे महिन्यात टाकीतलं पाणी उडतं, क्षार मागे राहतात, वाळ्यावर पांढरा थर धरतो. टाकी ओतावीच लागते ना! अमोनियाच्या लूपमध्ये, म्हणजे माल पुन्हा पुन्हा फिरतो त्या चक्रात, कशाशीच विक्रिया न करणारा आरगॉन असाच साचतो.

समजा ताजी फीड, म्हणजे आत येणारा नवा माल, तासाला 100 मोल, त्यात 1 मोल आरगॉनसारखा निष्क्रिय वायू, आणि तो फक्त पर्जमधूनच बाहेर पडतो. पर्जमध्ये त्याचं प्रमाण 10 टक्के ठेवलं तर पर्ज 10 मोल. म्हणजे 9 मोल कामाचा माल गेला, 90 वापरला गेला. रिॲक्टरच्या आत शिरायची गरजच पडली नाही, सगळ्या लूपभोवती चौकट आखून आत काय आलं अन् बाहेर काय गेलं एवढं मोजलं की झालं. आमच्या बॅचची निम्मी पोरं आधी रिसायकल, म्हणजे परत फिरणारा माल, काढायला बसायची अन् तिथंच अडकायची.