अल्पसंख्य धर्मांना सरकारने धर्मादाय दर्जा द्यावा का? द्यायचा तर कोणत्या कसोटीवर?

उंबरठा:
जुन्या, मोठ्या धर्मांच्या संस्थांना करमाफी आणि काही देशांत त्यांच्या देणगीदारांना करात वजावटही फारशी चौकशी न होता मिळते. छोट्या किंवा नव्या पंथाने अर्ज केला की पहिलाच प्रश्न येतो, हा मुळात धर्म आहे का? माझ्या दोन शंका आहेत. धर्म कशाला म्हणायचं हे सरकारने ठरवावं का? आणि दार सगळ्यांना उघडलं तर करबुडवे त्यातून घुसणार नाहीत का? अर्ज प्रत्यक्षात कुठे अडतात, हेही जाणकारांनी सांगावं.

न्यासलेखक:
दर्जा द्यावा, असं माझं ठाम मत आहे. श्रद्धा खरी की खोटी यात सरकारने पडू नये. काम आणि हिशेब मात्र कसून तपासावेत.

ऑस्ट्रेलियाच्या हायकोर्टाने (हे तिथलं सर्वोच्च न्यायालय) १९८३ मध्ये सायंटॉलॉजी या अमेरिकेत निघालेल्या नव्या पंथाला धर्म मानलं. तिथल्या दोन न्यायमूर्तींनी लावलेली कसोटी सुटसुटीत होती: अलौकिक सत्तेवर किंवा तत्त्वावर श्रद्धा हवी आणि त्या श्रद्धेतून आलेले आचाराचे नियम हवेत. त्याच सायंटॉलॉजीचा अर्ज इंग्लंडच्या चॅरिटी कमिशनने, म्हणजे धर्मादाय संस्थांची नोंदणी करणाऱ्या आयोगाने, १९९९ मध्ये फेटाळला, कारण तिथे 'उपासना' दिसली पाहिजे असा आग्रह होता. व्याख्येवर भिस्त ठेवली की असं होतं. पुढे इंग्लंडने २००६ च्या कायद्यात अनेक देव मानणारे आणि देवच न मानणारे धर्मही स्पष्टपणे घेतले. २०१० मध्ये ड्रुइड नेटवर्क या निसर्गपूजकांच्या संस्थेची नोंदणी झाली, तर २०१६ मध्ये 'स्टार वॉर्स' चित्रपटांवरून निघालेल्या जेडाय पंथाच्या एका संस्थेला नकार मिळाला. म्हणजे दार उघडं असलं तरी चाळणी आहेच.

आता अर्ज कुठे अडतात ते. धर्मशास्त्रापेक्षा न्यासपत्रावर जास्त अडतात.

'आमच्या सभासदांच्या आध्यात्मिक उन्नतीसाठी' असं उद्दिष्ट लिहिलं की तो खासगी मंडळाचा कारभार ठरतो. लाभ समाजाला किंवा समाजाच्या पुरेशा मोठ्या भागाला कसा मिळणार, ते उद्दिष्टातच यायला हवं. सभा खुल्या असतील तर वेळ आणि जागा आधी जाहीर केल्याचे पुरावे जोडा. दुसरं कलम विसर्जनाचं. संस्था बंद झाल्यास उरलेली मालमत्ता तशाच उद्देशाच्या दुसऱ्या धर्मादाय संस्थेकडे जाईल, असं स्पष्ट लिहा. ती संस्थापकाकडे परत जाण्याची वाट कुठेही राहिली तर फाइल तिथेच थांबते, आणि थांबायलाच हवी.

सगळ्यात मोठी गोची गुरूंच्या बाबतीत होते. जमीन गुरूंच्या नावावर, बँकखातं गुरूंच्या सहीवर, विश्वस्त म्हणून गुरू, त्यांची पत्नी आणि मुलगा. एकमेकांचे नातलग नसलेले किमान तीन विश्वस्त नेमा. जमीन अर्जाआधीच न्यासाच्या नावावर करा. गुरूंचं निवासस्थान, गाडी, मानधन यांचे ठराव इतिवृत्तात घ्या आणि त्या ठरावाच्या वेळी स्वतः गुरू मतदानाला नसावेत. नुसतं 'सर्वानुमते मंजूर' पुरत नाही. कोण हजर होतं, कोण बाहेर गेलं, तेही नोंदवा.

ताळेबंद:
सहमत आहे, पण दर्जा देऊन पाठ फिरवली तर काय होतं ते जपानने पाहिलंय. ओम शिनरिक्यो या तिथल्या नव्या पंथाला १९८९ मध्ये धार्मिक संस्थेची मान्यता मिळाली. मार्च १९९५ मध्ये त्यांनी टोकियोच्या भुयारी रेल्वेत सरीन वायू सोडला. कोर्टाने विसर्जनाचा आदेश दिला तो त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये. वर्षअखेरीस कायदा बदलला आणि पदाधिकारी, मालमत्ता, जमाखर्च यांची कागदपत्रं दरवर्षी सादर करणं बंधनकारक झालं. मान्यता देतानाच ही अट असायला हवी होती.

करबुडव्यांची भीती छोट्या पंथांमुळे वाटते, पण भगदाड दुसरीकडे आहे. अमेरिकेत चर्चला करमाफीसाठी अर्जही करावा लागत नाही आणि फॉर्म ९९० हे वार्षिक विवरणही भरावं लागत नाही. माझा आग्रह आहे की नियम सर्वांना एकच असावा: ठरावीक उत्पन्नापुढे ऑडिट, मग तो धर्म दोन हजार वर्षांचा असो वा दोन वर्षांचा.

समास:
निर्णय कोण घेतं, हेही बघा. हंगेरीने २०११ च्या कायद्याने शेकडो धार्मिक संस्थांचा चर्च म्हणून असलेला दर्जा काढला आणि मान्यता संसदेच्या दोन-तृतीयांश मतांवर ठेवली. २०१४ मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने तो हक्कभंग ठरवला. ज्यांची मतपेढी नाही त्यांचा हक्क मतदानावर ठेवणं हा उघड अन्याय आहे.

उंबरठा:
सगळ्यांचे आभार. ज्या पंथांची उपासना बाहेरच्यांना बंद असते, त्यांचं काय?

न्यासलेखक:
तिथे अवघड आहे. १९४९ मध्ये ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हा तेच तिथलं सर्वोच्च न्यायालय होतं) मठाबाहेर न पडणाऱ्या कार्मेलाइट या कॅथलिक संघाच्या संन्यासिनींना (नन) धर्मादाय मानलं नाही. प्रार्थनेचा जगाला होणारा लाभ कोर्टात सिद्ध करता येत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. मला तो निकाल फार कठोर वाटतो, पण तर्क समजून घ्या.

याच्या शेजारी प्रेस्टन डाउन ट्रस्ट ठेवून पाहा. हा प्लिमथ ब्रदरन या बाहेरच्यांपासून दूर राहणाऱ्या ख्रिस्ती पंथाचा इंग्लंडमधला न्यास. २०१२ मध्ये नकार, २०१४ च्या जानेवारीत नोंदणी. मधल्या काळात त्यांनी न्यासपत्र दुरुस्त केलं, पंथाची शिकवण आणि आचार त्याला जोडला, पंथ सोडून जाणाऱ्यांशी कसं वागायचं तेही लेखी दिलं. श्रद्धा बदलावी लागली नाही.

अपिलाची मुदत मात्र सांभाळा. इंग्लंडमध्ये न्यायाधिकरणाकडे जायला ४२ दिवस असतात. नकाराचं कारण लेखी मागून घ्या आणि दुरुस्तीची बोलणी चालू असली तरी अपील मुदतीत दाखल करून ठेवा. प्रेस्टन डाउनने अपील आधी केलं होतं; तडजोडीची बोलणी त्यानंतर झाली.